सेकंदकाट्याचं घड्याळ

पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मी कर्जत स्टेशनावर पुण्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकापाशी खाकीतला एक जवान होता आणि कोऱ्या कपाळाची एक तरुण बाई.

“वहिनी, बसा जरा. गाडीला येळ हाय.”

“बसवत नाय, पोपटभावजी. तुमचं घड्याळ पुन्यांदा दावा.”

“हे बगा. पांढरी तबकडी, आकडे नायत, नुसत्या रेघा. मी आन् धाकलूनं इटलीत एकाच दुकानातनं घेतली.”

“आन् हे पलटनीनं त्यांचं म्हणून धाडलेलं.”

“ह्यात खाली बारका सेकंदकाटा हाय. माझ्यातबी हाय. धाकलूच्यात नव्हता. तो म्हणला, सारखा पळणारा काटा नको, जीव घाबरा हुतो.”

“तुमच्या डोळ्यांदेखत घेतलं ना?”

“मीच त्याच्या मनगटाला बांधलं.”

“मंग हे त्यांचं नाय. ते जिते असतील.”

“वहिनी, पलटनीत अदलाबदलबी हुती. म्हणून तर पुण्याच्या लष्करी कचेरीत इचारायला चाललोय. मी खातरी देत नाय.”

“नका देऊ. नुसतं संगं चला.”

“चाललोय की. पण अशा येरझाऱ्या नका घालू, रुळाकडं जाताय.”

“भावजी...”

“काय, वहिनी?”

“हे घड्याळ ज्याचं हाय, त्याची बायकू अजून कुंकू लावत असंल का हो?”

गाडीची घंटा झाली. पोपटनं तिचं गाठोडं उचललं.