पाटी की पेटी

— नाही नाही, इकडे नको काका, उजवीकडच्या खुर्चीत बसा. हां. आणि येताना जरा पाय वाजवत या हो, केवढी दचकले मी! तर हा आपला समावेश कक्ष — म्हणजे मी, हे टेबल आणि कुरकुरणारा पंखा. बसखात्यात अकरा हजार माणसं, कुणाला नीट दिसत नाही, कुणाची कंबर गेलेली, कुणी बाळंतपणानंतर नुकतीच रुजू — सगळ्यांना सामावून घ्यायचं, असा वरून हुकूम. छान आहे की नाही? छानच आहे. फक्त अर्जावर नाव कुणी लिहीत नाही! आगारांतल्या पेट्यांत एक्केचाळीस अर्ज आले, सगळे बिननावी. आता बिननावी माणसाला हलकं काम द्यायचं तरी कसं? तुम्ही स्वतः आलात ना, मग लिहून टाका — फिटर, उजव्या हाताची बोटं बधिर, पाना सुटतो. अगदी गुप्त राहतं. तिकीट विभागातल्या बाईंना फिट येतात, अक्षरावरून ओळखलं मी, पण सांगितलं का कुणाला? — तुम्ही सोडून.

पेट्यांची कल्पना ना? माझीच म्हणतात. साहेबांनी भर बैठकीत कौतुक केलं. खरं सांगू? ते म्हणाले होते, प्रत्येक आगारात ‘सर्वांचे स्वागत’ अशी पाटी लावा. पाटी! बसले होते माझ्या डावीकडे, मी ऐकलं पेटी. चौदा पेट्या आल्या, कुलपांसकट. म्हटलं, गेली नोकरी — तर लोक त्यांत मनातलं टाकायला लागले! कानामागून आली नि तिखट झाली, ती ही अशी.

काय म्हणालात? — हो, डावा कान. लहानपणापासून. आई म्हणते, कायम होईपर्यंत ब्र काढू नकोस, आणि सोमवारी माझी फाइल जाते साहेबांकडे. हसताय काय? माझं वेगळं आहे काका. मी कक्ष चालवते, मीच कशी — हो, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, पुढचं येतं मला, पुरं करू नका.

मी लिहिलं तर तुम्ही लिहाल? ही काय अट झाली? वयाला शोभतं का?

...बरं, आणा ते पेन. आणि तिकडे वळून बसा, कुणी बघितलं की अक्षर बिघडतं माझं. आधी आडनाव की — बघा, अर्ज मीच छापून घेतलाय आणि मलाच... झालं. आता तुम्ही. सही खाली. अहो, वाचू नका माझा! उठा, पेटीत नका टाकू, दोन्ही अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवा. जा ना काका, पळा, माझा विचार बदलायच्या आत!