गोळीला मिश्रीचा हात

...न्हाई, मला सांगा, 'कामगंध सापळा' हे काय नाव झालं? चावडीत मी मोठ्यानं वाचलं तर सगळी माना खाली घालून बसली! मी न्हाई घातली. पोराच्या पाटीवर अक्षरं शिकलेली बाई मी, छापलंय ते वाचणार!

तर तुमास्नी सांगते, मालक गेल्यापास्नं आमच्या वांग्यात अळी. कृष्णाकाठची वांगी, पण चिरलं की आत ती, पाय पसरून! आन् साताऱ्यास्नं आमचा दिग्विजय फोनवर, "आई, ह्या खेपंला बी वांगी किडली तर रान वाट्यानं द्यायचं आन् तू हितं यायचं." तिसऱ्या मजल्यावर! तिथं काय गॅलरीत खुरपं घिऊन बसू?

म्हनून सापळं आणलं. शेती खात्याची रेश्मा सांगाय लागली, "आजी, ह्या गोळीला मादी पतंगाचा वास. नर तिला हुडकत येतो आन् खालच्या साबणाच्या पाण्यात पडतो. नर न्हाई तर अंडी न्हाईत, अंडी न्हाईत तर अळी न्हाई." म्हंजे... वास हाय, बाई न्हाई! मी गोळी हुंगली. कसलाच वास न्हाई. तसं ह्या साली मला कशाची चव बी लागंना, ते सोडा.

लावलं सापळं. रोज बघते, पाणी निवळशंख! येक पतंग? न्हाई! रेश्मानं माझी बोटं बघितली. "आवं आजी, मिश्रीच्या हातानं गोळी बांधलीसा व्हय? तंबाखूच्या वासानं पतंग फिरकत न्हाईत!" आता मिश्री लावल्याबिगर बाई कामाला लागंल का, तुमीच सांगा! आन् ह्या किड्यांचं नखरं!

मग नव्या गोळ्या, हातात प्लास्टिकची पिशवी घालून बांधल्या. सकाळी बघते तर पाण्यावर पतंगच पतंग, पंख पसरून. सगळी तिला हुडकाय आल्याली. वास हाय, बाई न्हाई. बघत बसले. हसू न्हाई, रडू न्हाई, काईच आलं न्हाई. काठीनं काढलं, पाणी बदललं, घरी आले.

वांगी वाचली! दिग्विजय म्हणतो, "बरं बाई, रान कर तुझं. पण चार दिस तरी ये की. घरात कोण हाय तुझं?"

कोण हाय? खुंटीवर मालकांचा सदरा हाय. धुतल्याला न्हाई. दिवेलागणीला त्याच्यापुढं जाते, नाक लावते... वास हाय, मानूस न्हाई.

आन् हसू नगा, पर त्या सदऱ्याला बी आता मी पिशवी घालूनच हात लावते.