राखणदाराचा कोंबडा आणि राजेशचा होकार

...आणि वर मलाच विचारतात, ‘रमाकाकू, टॉवरमध्ये कोंबडा कशाला?’ अरे कशाला म्हणजे? टॉवर मिळाला कुणामुळे? करी रोडची आमची चाळ पाडली, आम्ही भाड्याच्या खोलीत, बिल्डर तोंड दाखवेना, तेव्हा मीच गाव राखणाऱ्या देवाला, आमच्या राखणदाराला, नवस बोलले, बाबा, नव्या घराची चावी हातात पडू दे, तुला कोंबडा देईन. पडली चावी. आता बोललेला कोंबडा काय दादरला जाऊन विकत आणायचा? आमच्यात तो हातचा वाढवलेला लागतो, सासूबाईंनी बजावलेलं. म्हणून गावाहून पिल्लू आणलं, आणि तुम्हाला सांगते, कोंबडा माझा नाय. राखणदाराचा आहे.

मुठीएवढं पिल्लू ते... चपलांच्या खोक्यात बल्ब लावून उबेला ठेवलं, कण्या भरवल्या, हाडं भरावीत म्हणून तिसऱ्यांची शिंपलं कुटून घातली, तर सून नूपुर म्हणते, ‘आई, स्वप्नीलचे तरी एवढे लाड केले होते का?’ म्हटलं, स्वप्नील माझा आहे, काय कमी पडलं तर माझं मी बघेन. हा दुसऱ्याचा आहे, ह्याला जपायला नको? फक्त एक चुकलं. बोललेल्या कोंबड्याला नाव ठेवायचं नसतं. मी त्याला शिरप्या म्हणायला लागले, आणि मेला ओ द्यायला लागला.

मग कंठ फुटला त्याला. समोरच्या टॉवरचे लाईट लागले की ह्याला वाटतं उजाडलं. सोसायटीच्या ग्रुपवर नुसती बोंबाबोंब. सेक्रेटरी राजेश दारात हजर, ‘काकू, नियमात बसत नाही, हलवा.’ म्हटलं, खुशाल उचल की रे. पण कोंबडा माझा नाय, राखणदाराचा आहे, त्याला काय सांगायचं ते तू सांग. राजेश मूळचा आमच्याच कोकणातला, कुडाळचा. असा मागे सरकला म्हणता... चप्पल विसरून गेला.

मजेत चाललेलं आमचं. आणि गेल्या महिन्यात गावाहून जगन भावोजी टपकले. शिरप्याला बघतात काय, ‘वैनी, कोंबडो बरो भरलो हा. उद्याच्या गाडयेन नेतंय.’

नेतंय म्हणजे... सुरीच की. शिरप्या माझ्या पायाशी, पदर चोचीत धरून. मी म्हटलं, भावोजी, नाय न्यायचा. कोंबडा माझा आहे.

नेमका दारात राजेश. ‘तुमचा ना काकू? सगळ्यांनी ऐकलं. मग आजच्या आज हलवा.’

आता काय करायचं बाईमाणसाने? राखणदाराचा म्हणावं तर सुरी, माझा म्हणावं तर सोसायटी. मी शिरप्याला उचलून कडेवर घेतलं. म्हटलं, जा, कुणालाच देणार नाय. देवाला नाय आणि सोसायटीला तर नायच नाय. भावोजी, नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, ह्याच्या बदली दोन देईन.

भावोजींनी डोळे मिटले. ‘बा राखणदारा, वैनीचा चुकला-माकला पदरात घे रे म्हाराजा...’ गाऱ्हाणं म्हटलं की ऐकणाऱ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचंच, कुडाळच्या माणसाची जीभ ऐकते होय? दारातनं आवाज आला, ‘व्हय म्हाराजा.’ ‘ह्यो कोंबडो तिका सोड रे म्हाराजा...’ ‘व्हय म्हाराजा.’ ‘बदल्याक दोन घे, आणि ते हयच, ह्याच घरात वाढांदेत रे म्हाराजा...’ ‘व्हय म्हाराजा.’

हात जोडलेले तसेच, आणि राजेशने डोळे उघडले. म्हटलं, आता फिरव शब्द. देवासमोर हो म्हणालायस.

तेव्हा आता शिरप्या माझा, गावाहून आलेली नवी दोन पिल्लं राखणदाराची, आणि होकार सेक्रेटरीचा. ह्या वेळी चूक नाय करायची. लळा लावायचा नाय, नाव तर अजिबात ठेवायचं नाय, शपथ घेतलीय मी. दाणे टाकायचे आणि बाजूला व्हायचं. आता त्यातलं एक जरा किडकिडीत आहे, हातातनं भरवल्याशिवाय खातच नाय... म्हणजे आमचा बाळग्या.

राखणदाराला बोलावे लागतील आणखी दोन, काय करणार.