करवतीला जाळी

गोवा राज्य झालं त्या वर्षी डिचोलीच्या पोस्टात माझ्यापुढे चंदगडकडचे, सॉमिलमधले दोघे होते. धाकट्याचा उजवा हात बांधलेला. थोरला त्याच्यासाठी कार्ड लिहीत होता.

“भैरू, काय लिवू?”

“लिव, आई, करवतीत माझी दोन बोटं गेली.”

“म्हातारी रडत बसंल. हात मुरगाळला म्हनून लिवतो.”

“खोटं नको, गणपादा. तुजं अक्षर बघूनच ती वळखंल, कायतरी मोठं झालंय म्हनून.”

“मग गावाकडं येतो म्हनून लिवू?”

“न्हाई. लिव, करवतीला जाळी बसवल्याबिगर आमी कुनीच मशीन चालू करनार न्हाई, असं मालकाला सांगितलंय.”

“आमी कुनीच? मला कवा इचारलंस?”

“आता इचारतोय की.”

“…बरं. ‘आमी’च लिवतो. खाली सही?”

“आन हिकडं. डाव्या हातानं मीच करतो.”