थांबलं की जागी होणारी तानी

ऐका. शेकोटीजवळ सरका, आणि मधेच कुणी ‘मग? मग?’ करायचं नाही. सांगायला बसलोय म्हणजे सांगणारच आहे.

आमच्या वाडीत रावजी गोताड म्हणून होता. चिरेखाणीवर बांधकामाचे चिरे काढायचा. अंगानं आडदांड, पण भारी चौकस. विंचू दिसला तर मारायच्या आधी त्याचे पाय मोजील, असला माणूस! त्याची पोर तानी, नऊ महिन्यांची. तिची एक खोड होती. चालत्या माणसाच्या खांद्यावरच झोपायची. पाय थांबले की डोळे टक्क उघडे. आणि मग असा टाहो फोडायची, की गोठ्यातली गुरं उठून उभी राहायची!

खोड लावली कुणी? बापानंच! आधी अंगणात दहा फेऱ्या. मग विहिरीपर्यंत. मग देवळापर्यंत. पोर वाढली तशी वाटही वाढली.

एका रात्री त्याची बायको, द्रुपदा, तापानं फणफणली. म्हणाली, “अवो, घेऊन जावा तिला. दोन महिनं डोळ्याला डोळा नाय माझ्या. आज निजले नाय, तर उद्या मी उठायची नाय बघा.” थट्टा नव्हती हो. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. रावजीनं पोरीला खांद्यावर टाकली, डोक्याला पंचा गुंडाळला आणि निघाला. देऊळ मागं पडलं. तानी जागीच. मग काय करतो? चढला सड्यावर!

सडा तुम्हाला माहीत आहे. डोंगरमाथ्यावरचं पठार, नुसता कातळ. करवंदीची एखादी जाळी, आणि सोडून दिलेल्या जुन्या चिरेखाणी, पाण्यानं काठोकाठ. अंधारात कातळ कुठला नि पाणी कुठलं, कळत नाही. दिवसासुद्धा आम्ही जपून जातो.

तिथं तानी झोपली. रावजी मागं वळला. चालतोय, चालतोय. समोर करवंदीची जाळी. पुढं गेला. चालतोय, चालतोय. पुन्हा तीच जाळी!

“आयला, गंमतच आहे,” रावजी म्हणाला. घाबरला नाही. उलट पंचा सोडला, जाळीवर टाकला, आणि लांब देवळाचा दिवा दिसत होता त्यावर नजर रोखून सरळ चालत सुटला. बघू तरी, म्हणे!

आला की फिरून तिथंच. आणि पंचा? पंच्याची घडी घातलेली. चार पदरी, कडेला कड लावून.

तुम्ही असता तर बोंब ठोकली असती. यानं वाकून हुंगून बघितला! मग एका हातानं पुन्हा पसरला आणि पुन्हा निघाला. पाय थांबवायची सोयच नव्हती ना.

तिसऱ्यांदा आला तर जाळ्या दोन. मधे पंच्याची झोळी बांधलेली. वारा नाही, पान हलत नाही, आणि झोळी हलतेय. झुई... झुई... झुई...

“आना हिकडं. दमलात हो किती! घाला तिला झोळीत, मी हलवते.”

आवाज द्रुपदाचा! तसाच्या तसा! रावजीनं दोन पावलं टाकलीसुद्धा. मग त्याला वाटलं, थांब जरा. लग्नाला चार वर्षं झाली, रात्रीच्या वेळी ही इतकं गोड कधी बोलली?

तेव्हा कळलं त्याला. चकवा! अरे, चकव्याला तोंड नाही, हात नाहीत; दिसतं-ऐकू येतं तो सगळा त्यानं घातलेला भास. तो मारत नाही. तो फक्त चालवतो. मारायचं काम खड्डा करतो. त्यावर जुन्या माणसांनी एकच उपाय सांगितलाय. चालायचं नाही. आहे तिथं बसायचं, उजाडेपर्यंत.

आता बघा कोंडी! चाललं तर चकवा, थांबलं तर तानी.

बसला. बसला की हो! घट्ट मांडी घातली, पोरीला मांडीवर घेतली. आणि तानीनं डोळे उघडले.

काय रडली! सडा दणाणला. आणि तो आवाज कानाशी आला, “अवो उठा! बाप हाय का दगड? मरंल पोर रडून!” रावजीचे पाय आपसूक उठायला लागले. दोन्ही गुडघे कोपरांनी दाबून धरले त्यानं. एक हात पोरीच्या पाठीवर. “हाय गं, हितंच हाय मी. हितंच हाय.” दुसरं काही सुचेना त्याला. स्वतःही रडत होता.

तानी रडायची, मधेच गप होऊन बघायची, बाप उठतोय का. नाही उठत. पुन्हा सूर लावायची. असं कितीदा झालं देव जाणे. शेवटी तो सूर पातळ झाला. अंगठा तोंडात गेला. एक लांब हुंदका, आणि झोपली. न चालता, आपली आपण! त्याच क्षणी झुई झुई बंद.

उजाडलं तेव्हा रावजीच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर खाण होती. चाळीस फूट पाणी. मधोमध पंचा तरंगत होता. जाळी एकही नव्हती.

घरी आला तर द्रुपदा उंबऱ्यात उभी. ताप उतरलेला, रात्रभर निजलेली. “कुठं उलथला होतात रातभर?” ओरडली. रावजीला इतकं बरं वाटलं! ही खरीच आपली.

त्या रात्री तानीला गोधडीवर ठेवली. थोडी कुरकुरली, बापाचा हात पाठीवर लागला, आणि निजली ती सकाळपर्यंत. रावजी मात्र निजला नाही. सारखा उठायचा आणि तिच्या नाकापुढं बोट धरून बघायचा, श्वास चाललाय ना.

म्हणून सांगतो, रात्री सड्याची वाट धरायची नाही. खांद्यावर पोर असेल तर मुळीच नाही. चकवा चालणाऱ्याच्या शोधात असतो, आणि रडत्या पोराच्या बापाइतकं रात्रीचं चालतं कोण?