तळहातावरची वाईन

माझं माहेर मखमलाबादच्या पलीकडं, माळ्याचं घर, बाप झेंडू लावायचा, आई मेथी-शेपू, तेच आमचं खाणं नि तेच आमचं जगणं. नाव कौसल्या, पण समदे कौसाच म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ पडली तव्हा मी परकरात व्हते. घरात मटण नाय, मासळी नाय, दारूचं तर नाव काढलं तरी बाप ताटावरून उठायचा, आणि काय सांगू तुम्हाला, अशा घरातल्या बाईनं कैक वर्सं लोकांनी प्यायची लाल वाईन कोणती नि वतून द्यायची कोणती हे ठरवलं. पोटात एक थेंब गेला नाय. खोटं वाटतं ना? मलाबी वाटतं कधीकधी.

लग्न दिंडोरीकडं झालं. आमचे हे द्राक्षाच्या बागांत छाटणीला जायचे, हात लय चांगला. नव्वद सालाच्या पुढं आमच्याकडं ही वाईनची द्राक्षं आली, काळी, बारीक, नुसत्या बिया, बाया तोंडात टाकायच्या नि थुंकायच्या, म्हणायच्या असली द्राक्षं कोण खाईल. तव्हा एक साहेब आले, मुंबईची नोकरी सोडून, प्रधान साहेब. त्यांनी टेकाडाच्या अंगाला बाग लावली नि लहानशी शेड बांधली. बाकीचे लोक रस आंबवायला त्यात यीस्टची पावडर टाकायचे, गंधक टाकायचे, गाळून आरशासारखी करायचे. साहेब म्हणायचे काय बी टाकायचं नाय, सालीवर जे देवानं ठेवलंय तेच आंबवील, आंबलं तर आंबलं, बिघडलं तर बिघडलं. हट्टी माणूस, पण मनानं लय मोठा. ह्यांला त्यांनी टाक्यांवर घेतलं. आंबताना वर आलेल्या साली लाकडानं खाली दाबायच्या, सकाळ-संध्याकाळ, आणि वास घ्यायचा, घोटभर चाखायची, कारण नुसत्या द्राक्षाची वाईन म्हणजे रांगतं पोर, कव्हा कुठं जाईल सांगता येत नाय. साहेबांचं स्वतःचं नाक शिगरेटीनं मेलेलं, आणि त्यांला आपली समदीच वाईन चांगली लागायची. कोणाला आपलं पोर काळं दिसतं? म्हणून समदा भार ह्यांच्या नाकावर.

आणि तेच नाक गेलं. लुनावरून येत व्हते, कुत्रं आडवं आलं, डोकं दगडावर आपटलं. दवाखान्यातून घरी आले, जखम भरली, मी म्हणलं सुटलो. एक दिवस माझी हिंगाची फोडणी करपली, समदं घर वासानं भरलं, सासूबाई पदर तोंडाला लावून अंगणात पळाल्या, आणि हे चुलीजवळ गप बसलेले. मी म्हणलं अहो, वास नाय का आला? तर डोळ्यांत पाणी व्हतं, पण ते धुराचं नव्हतं. म्हणाले कौसा, मला काहीच येत नाय. डॉक्टर म्हणले नाकामागची शीर दुखावली, येईल नाय तर नाय. नाय आली.

दुसऱ्या दिवशी हे साहेबांकडं गेले नि सरळ सांगितलं, मी टाकीवर कामाचा नाय, मला बागेत घाला. साहेबांनी हातातली शिगरेट विझवली. मंग म्हणले, घरी कोणाचं नाक तिखट हाय? हे म्हणले बायकोचं, शेजारी दूध उतू गेलं तर हिला आधी कळतं. मंग साहेब म्हणले वहिनींना आणा, प्यायचं नाय, नुसतं हुंगायचं. मी म्हणलं माझी माळ! पण सासूबाई म्हणल्या, अगं, गुत्त्यावरून जाताना आपण नाक काढून घरी ठेवतो का? जा. पोरांच्या तोंडात घास पडतोय.

मंग असं सुरू झालं. हे टाकीतून ग्लासात काढायचे, ग्लास माझ्या नाकाखाली धरायचे, मी सांगायची. पिकल्या जांभळाचा येतोय. ओल्या पोत्याचा. आज ताकासारखा. उकडलेल्या अंड्याचा आला की मी लुगड्याचा पदर लावायची, पण हे म्हणायचे थांब, ग्लास उघडा राहू दे, आणि खरंच, थोड्या येळानं तो निघून जायचा. पोरीच्या नखपालिशचा वास आला तर मात्र तो जायचा नाय, वाढायचाच, ती टाकी गेली समजायची. गढूळ दिसली म्हणून वाईट नाय, तळाला गाळ बसला म्हणून वाईट नाय, हे मी तिथंच शिकले. मी हुंगायची, पुढं काय करायचं ते हे ठरवायचे. माणसं म्हणायची दोघं मिळून एक गडी झालाय. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

एका हंगामाला मी एक टाकी पास केली. वास एवढा गोड, की मला माहेरची फुलांची परडी आठवली. बाटल्या भरल्या, मुंबईला एका हॉटेलात गेल्या, आणि समद्या परत आल्या. म्हणे घोट गिळला की मागून उंदराची घाण येते. साहेबांनी उघडून प्याली, त्यांला काहीच लागेना. ह्यांला तर लागायचं कुठून. मी हुंगलं, तर पहिल्यासारखीच गोड! आम्ही तिघं त्या बाटलीकडं येड्यासारखं पाहत बसलो. साहेब मला काही बोलले नाय. पण घरी आल्यावर हे चपला काढता काढता म्हणाले, एक थेंब जिभेवर ठेवला असतास तर.

तेवढंच. पण ते माझ्या काळजात बसलं. चार दिवस मी जेवले नाय धड. मंग एका सकाळी मी माळ काढली, देव्हाऱ्यात ठेवली नि शेडवर गेले. म्हणलं द्या ग्लास. ह्यांनी ग्लास भरला, आणि माझ्या मोकळ्या गळ्याकडं पाह्यलं. ग्लास मोरीत वतला नि म्हणले घरी चल. घरी आल्यावर माळ स्वतः माझ्या गळ्यात घातली. म्हणले त्या दिवशी माझं तोंड नासलं व्हतं, तुझं नको नासायला. मी त्यांच्यापुढं पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

पुढं मुंबईहून एक पोरगी आली, वाईन चाखायचं शिकलेली, केस कापलेले, बोलायला गोड. साहेबांनी तिला समदं सांगितलं. तर ती म्हणे काकू, हा उंदीर ग्लासात दिसत नाही, थुंकी लागली की बाहेर येतो, पण तळहातावर चोळला तरी येतो, तोंडात घ्यायची गरजच नाही. परत आलेली एक बाटली आणली, माझ्या हातावर दोन थेंब टाकले, मी चोळलं नि हुंगलं, तर काय, धान्याच्या कोठीतला उंदीर! मी किंचाळलेच. हे हसले, अपघातानंतर पहिल्यांदा एवढे हसले. त्यानंतर एक टाकी चुकली नाय.

पण चुकली नाय म्हणून चालली असं नाय. लोकांना आरशासारखी पायजे, दर साली एकाच चवीची पायजे. आमची गेल्या साली जांभूळ नि औंदा डाळिंब. दुकानदार बाटली उलटी करायचे, गाळ दाखवायचे, परत. मंग मंदी आली, मोठमोठे वाईनवाले बसले, साहेब तर एकटे नि म्हातारे. एका उन्हाळ्यात वेली उपटल्या. मी पाहायला गेले नाय. साहेब लेकाकडं गेले.

आता हे लग्नाच्या एका लॉन्सवर वॉचमन हाईत, मी सकाळी फुलं विकते, गुडघे धरतात, दमायला होतं. गंगापूर धरणाकडं निघालेली गाडीवाली पोरं फुलं घेताना विचारतात, मावशी, तुम्ही वाईनमधल्या ना, लाल कोणती घ्यावी? मी म्हणते गढूळपणाला भिऊ नका, ग्लासात जरा श्वास घेऊ द्या, तळहातावर चोळून पाहा, आणि ज्यानं बनवली त्याला विचारा आत काय काय टाकलं. तो गडबडला तर ठेवून द्या. पोरं हसतात नि जातात.

परवा संध्याकाळी हे ओट्यावर बसलेले, मी ह्यांला विचारलं, अहो, मी तर कधी प्याले नाय, तुम्ही अपघाताआधी टाकीवर चाखत व्हता, आपली वाईन लागायची कशी हो? ह्यांनी वॉचमनची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मंग म्हणले, आठवत नाय गं. मी म्हणलं जाऊ द्या, हात धुवा, पिठलं गार होतंय.

चला, तुम्हीबी बसा आता दोन घास खायला. आम्ही जेवणाच्या येळी कोणाला तसं पाठवत नाय.