बाराव्या वाडीचे गाऱ्हाणे

ऐका. आधी कंदिलाची वात थोडी वर करा. जी वाडी आज कोणत्याही पाटीवर उरलेली नाही, तिची गोष्ट अंधारात सांगणे मला मान्य नाही.

आपल्या तळसुऱ्याच्या फाट्यावर तुम्ही एस.टी.तून उतरता, तेव्हा समोर निळी पाटी दिसते. 'सागरदर्शन नगर'. तिथून सागर दिसत नाही. दिसतो तो सड्याचा, म्हणजे वरच्या उघड्या पठाराचा, काळा कातळ आणि त्या कातळावरचे अठरा चौथरे. त्या चौथऱ्यांवर पाथरवटांची घरे होती. तुमच्या घरातले जाते त्यांचे, पाटा-वरवंटा त्यांचा, देवळापुढची दीपमाळ त्यांची. त्या वस्तीचे नाव पाथरवाडी. गावाची बारावी वाडी.

माझ्या आजोबांच्या काळी पटकीची साथ आली आणि ती प्रथम पाथरवाडीत शिरली. तेव्हा बाकीच्या अकरा वाड्यांनी काय केले, ते नीट ऐका. करवंदीच्या जाळ्या तोडून त्यांनी शिवेवर काट्यांचे कुंपण घातले. विहीर शिवेच्या अलीकडे आणि तहानलेली माणसे पलीकडे. तीन दिवस ती माणसे काट्यांपाशी येऊन रिकाम्या कळश्या पुढे करीत होती. अलीकडून एकच उत्तर मिळे, "शीव बंद आहे." चौथ्या दिवशी कोणी आले नाही.

गावाला लाज वाटली, पण उशिरा वाटली. मग ठरले की दर शिमग्याला देवापुढे गाऱ्हाणे घालताना गुरवाने बाराही वाड्यांची नावे घ्यावीत, शेवटी पाथरवाडीचे घ्यावे आणि साऱ्या गावाने "होय म्हाराजा" म्हणावे. पाणी दिले नाही, निदान नाव तरी देऊ. एवढेच प्रायश्चित्त होते. तेही आपल्याला जड झाले.

तीन वर्षांपूर्वी रघुवीर धनावडे सरपंच होता. तिसरीत माझ्या वर्गात असताना त्याने बारा वाड्या मला न अडखळता म्हणून दाखवल्या होत्या, त्यामुळे त्याला ठाऊक नव्हते, असे माझ्यासमोर कोणी म्हणू नये. सड्यावरची जमीन शहरातल्या लोकांना बंगल्यांसाठी हवी होती आणि मेलेल्यांचे नाव असलेली जागा त्यांना नको होती. रघुवीरने नाव बदलण्याचा ठराव केला. पाटी रोवली. गंगाराम गुरवाला ताकीद दिली की अकरा नावे घे आणि थांब.

त्या शिमग्याला गंगाराम अकरावर थांबला. गाव म्हणाले, "होय म्हाराजा." मी म्हटले नाही. पण मी उठून उभीही राहिले नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी रघुवीर तालुक्याहून शेवटच्या एस.टी.ने आला. दिवेलागण होऊन गेली होती. मोटारसायकल दुरुस्तीला टाकलेली. सडकेने वळसा पडतो, सड्याची पायवाट जवळची. त्याने पायवाट धरली.

थोडे चालला. टक. टक. दगडावर पाथरवटाची टाकी पडत होती. अंधारात एक म्हातारा चिरा घडवीत बसला होता. त्याने मान वर न करता विचारले, कुठे निघालास? रघुवीर म्हणाला, सागरदर्शन नगरातून खाली गावात.

"असली वस्ती हितं नाही," म्हातारा म्हणाला. "तू कुठल्या वाडीचा?"

रघुवीर सांगायला गेला. जी वाडी त्याचेच आडनाव लावते, तिचे नाव त्याला आठवेना.

तो झपाझप चालू लागला. पुढे निळी पाटी आली, जी मागे फाट्यावर राहिली होती. पुन्हा चालला. पुन्हा तीच पाटी, पण आता कोरी. घशाला कोरड पडली. एवढ्यात एका चौथऱ्यावर दिवा दिसला. चौथऱ्यावर घर होते, घराला दार होते. त्याने पाणी मागितले. आतून विचारले, कुठल्या गावचा? गावाचे नावही गेले होते. दार लागले. "शीव बंद आहे."

दुसरे दार. तिसरे दार. प्रत्येक दाराशी एक प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला एक नाव नाहीसे. बायकोचे गेले. मुलीचे गेले. त्याने मोबाइल काढला, तर यादीत नुसते आकडे होते. सतराव्या दाराशी त्याला त्याचे स्वतःचे नाव विचारले, आणि तेही गेले.

अठराव्या दारात एक बाई रिकामी कळशी घेऊन उभी होती. तिने काहीच विचारले नाही. "ज्याला नाव नाही, त्याला आम्ही अडवत नाही," ती म्हणाली. "आत ये."

त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला.

इकडे खाली, पोरगा फाट्यावर उतरलेला लोकांनी पाहिला पण घरी पोहोचला नाही, म्हणून त्याची आई भागीरथीकाकू गुरवाला घेऊन शिवेवर आली होती. तिने कितीतरी हाका मारल्या. त्या रघुवीरला ऐकू आल्या. कोणा रघुवीरला कोणी बोलावते आहे, असे त्याला वाटले. शेवटी काकूने गुरवाला गाऱ्हाणे घालायला सांगितले. गंगाराम सुरू झाला. गुरववाडी, तेलीवाडी, भोईवाडी, धनावडेवाडी, एकामागून एक. वर उंबऱ्यावरचा माणूस हलला नाही. अकरा झाल्या आणि गंगाराम थांबला.

"पुढं बोल, गुरवा."

"सरपंचांनी बंद केलंय, काकू."

"सरपंच हरवलाय. तू बोल."

गंगारामने बारावी वाडी घेतली. पाथरवाडी. आणि सड्यावरून, अठरा चौथऱ्यांवरून, एकाच वेळी उत्तर आले, "होय म्हाराजा." गंगाराम शपथेवर सांगतो की त्यात एक आवाज रघुवीरचा होता. बाईने दार लोटले. तोवर त्याने उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला होता. या वेळी जो बाहेर राहिला, तो वाचला.

घरी आल्यावर तो कळशीभर पाणी प्यायला. नावे हळूहळू परत आली. मुलीचे तेवढे आले नाही. कोणी सांगितले, तरी क्षणभराने विसरतो. तिला तो 'बाय' म्हणतो आणि मान वळवतो. त्याने सरपंचपद सोडले. पण पाटी तशीच आहे, ठरावही तसाच आहे, आणि तुमच्यापैकी एकानेही ग्रामसभेत हात वर केलेला नाही. त्या काट्यांच्या कुंपणापाशी काठी घेऊन उभ्या असलेल्यांत माझे आजोबा होते. तुमचेही होते. आपण आज नवे कुंपण घातले आहे, निळ्या रंगाचे.

म्हणून सांगते, काळोख पडल्यावर त्या पायवाटेने जाऊ नका. पाटीवरचे नाव घेत तर मुळीच जाऊ नका.

आता कोणी उठणार नाही. आपल्या गावाची बारावी वाडी कोणती? पुटपुटू नका. विहिरीच्या पलीकडे ऐकू गेले पाहिजे.